वाड्याचं जुनं लाकूड घेताय? आधी टोक तासून बघा

पुण्यातला एखादा जुना वाडा पाडला की कडीपाटाच्या तुळया, खांब, चौकटी सगळं वखारीत येतं आणि तिथे प्रत्येक नग 'सागवानच आहे' म्हणून विकतात. तसं नसतं. ऐन नावाच्या जंगली झाडाचं लाकूड असतं, फणसाचं असतं, आणि वर्षानुवर्षांच्या धुराने, रंगाने वरून सगळं सारखंच काळं दिसतं.

म्हणून खिशात पटाशी ठेवा आणि विचारून टोकाजवळ बोटभर जागा तासा. साग असेल तर आतून सोनेरी तपकिरी निघतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि चामड्यासारखा वास येतो, तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. टोकाला आडवा ताजा छेद घेतला तर वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात, प्रत्येकाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग. ऐन गडद, काळसर रेघांचा, आणि उचलला की कळतोच, त्याच मापाचा साग बराच हलका भरतो. फणस आत पिवळा असतो पण हवा लागून तपकिरी होतो, म्हणून छेद ताजाच हवा. ऐन वाईट नाही बरं का, मजबूत लाकूड आहे, फक्त सागाच्या भावात घेऊ नका.

भोकं दिसली तर ठोकून बघा, ताजं पीठ गळलं तर कीड अजून आत आहे. सागाचा बाहेरचा पांढरट भाग पोखरलेला आणि गाभा ठणठणीत असं खूपदा असतं, मग तेवढा भाग मापातून वजा करायला लावा. हिशोब सोपा: जाडी इंच गुणिले रुंदी इंच गुणिले लांबी फूट, भागिले 144. म्हणजे 6 बाय 4 ची 8 फुटी तुळई 1.33 घनफूट.

आता खिळे. डोकं तुटलेला खिळा वरून दिसतच नाही, माझं रंध्याचं पातं असंच गेलंय. लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा, आणि काळानिळा डाग दिसला की आत लोखंड आहे असंच धरा.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं, ओला करून खरवडा, मास्क लावून. सागाला फेविकॉल लावायच्या जस्ट आधी सांधा थिनरने पुसा, तेलामुळे चिकटत नाही नाहीतर. जाड तुळई चिरली की फळ्या थोड्या वाकतात, तेव्हा पाव इंच जास्तच कापा, मध्ये पट्ट्या ठेवून दोनेक आठवडे घरातच रचा, मग फायनल रंधा. जुन्या सांध्यांच्या खाचा मात्र बुजवू नका प्लीज, माझ्या टेबलाच्या पायात एक तशीच ठेवलीय, येणारा प्रत्येक जण आधी तिच्यातच बोट घालतो.