जर्मन नोकरीच्या करारातले कामाचे तास इंग्रजीत आणताना

कामाच्या वेळेच्या कलमाला हात घालण्याआधी इंग्रजी मजकूर कोण वाचणार, ते विचारून घ्या. अमेरिकेतल्या मुख्यालयाचा वकील आणि पुण्याहून श्टुटगार्टला निघालेला इंजिनिअर एकाच शब्दाचे दोन अर्थ लावतात. मग हे भाषांतर नुसतं समजून घेण्यासाठी आहे की जर्मनच्या शेजारी छापून सहीसाठी जाणार आहे, तेही विचारा. सहीसाठी असेल तर वाद झाल्यास कोणता मजकूर ग्राह्य धरायचा, हे करारात लिहिलंय का ते पाहा. नसेल तर ग्राहकाच्या कानावर घाला, पण तसं वाक्य स्वतः घालू नका.

पुढच्या प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावा: इंग्रजी वाचणाऱ्याला आठवड्याचे तास, सुट्ट्या आणि पैसे मोजायला सांगितले, तर त्याचं उत्तर जर्मन वाचणाऱ्याशी जुळलं पाहिजे. वाक्य कितीही सफाईदार असो, हिशेब जुळत नसेल तर ते चुकलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'वेर्कटाग' या शब्दावर. 1994 चा जर्मन कामवेळ कायदा, म्हणजे आर्बाइट्सत्साइटगेझेट्स, वेर्कटाग धरतो तो सोमवार ते शनिवार. कायद्यात दिवसाला 8 तासांची मर्यादा आहे. ती 10 पर्यंत ताणता येते, पण 6 महिन्यांच्या किंवा 24 आठवड्यांच्या सरासरीत 8 च्या वर जाता कामा नये. सहा दिवस गुणिले आठ, म्हणजे आठवड्याला 48 तास. इंग्रजीत 'वर्किंग डे' वाचणारा मात्र मनात पाचच दिवस धरतो आणि 40 वर थांबतो.

सुट्टीच्या कलमात हाच शब्द थेट पैशांवर येतो. सुट्टीच्या कायद्यात किमान रजा 24 वेर्कटाग दिली आहे आणि ती सहा दिवसांच्या आठवड्यावर मोजलेली आहे. पाच दिवस काम करणाऱ्याला त्यातून 20 दिवस मिळतात. भाषांतरात नुसतं '24 वर्किंग डेज' लिहिलं, तर कामगार चार दिवस जास्त मागेल आणि त्याचं बरोबरच असेल. म्हणून पहिल्या उल्लेखात 'वर्किंग डेज, मंडे टू सॅटर्डे' असं स्पष्ट लिहा. करारात 'आर्बाइट्सटाग' असेल, तर तो त्या माणसाचा प्रत्यक्ष कामाचा दिवस. दोन्ही शब्द एकाच करारात आले, तर इंग्रजीतही दोन वेगळे शब्द ठेवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

विश्रांतीचेही दोन शब्द आहेत. 'रूअपाउझ' म्हणजे कामाच्या मधली सुट्टी. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर 30 मिनिटं, नऊपेक्षा जास्त असेल तर 45. तुकडे पाडता येतात, पण एक तुकडा 15 मिनिटांपेक्षा लहान नको. 'रूअत्साइट' म्हणजे एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंतचे सलग 11 तास. रात्री 11 ला पाळी संपली, तर सकाळी 10 च्या आधी बोलावता येत नाही. रुग्णालयांसारख्या काही ठिकाणी यात एक तास कमी करता येतो, पण तो ठरलेल्या मुदतीत भरून द्यावा लागतो. पहिल्याला 'ब्रेक' आणि दुसऱ्याला 'डेली रेस्ट पीरियड' ठेवा. दोघांनाही 'रेस्ट' म्हटलं की 30 मिनिटं आणि 11 तास एकाच डब्यात जातात.

इथेच 'आउसश्लीसलिश डेअर पाउझेन' हा शब्दप्रयोग भेटतो. आउसश्लीसलिशचा नेहमीचा अर्थ 'केवळ', म्हणून घाईत 'एक्सक्लूसिव्हली' लिहून लोक मोकळे होतात. इथे त्याचा अर्थ 'वगळून' असा आहे: समजा, आठवड्याला 38.5 तास, मधल्या सुट्ट्या धरल्याशिवाय. हा आकडा जर्मनमध्ये स्वल्पविराम घालून छापतात, इंग्रजीत तिथे बिंदू द्या. पाच दिवसांत विभागले तर रोजचे 7.7 तास होतात, आणि त्याला 7 तास 70 मिनिटं समजणारेही असतात. खरा हिशेब 7 तास 42 मिनिटांचा. अर्ध्या तासाची सुट्टी धरली तर 8 ला आलेला माणूस 4 वाजून 12 मिनिटांनी सुटतो.

आता जादा काम. 'ऊबरश्टुंडेन' म्हणजे करारात ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त केलेले तास. 'मेअरआर्बाइट' अनेक ठिकाणी कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या कामासाठी वापरतात, पण सरकारी सेवेच्या सामूहिक करारात, म्हणजे टीव्हीओडीमध्ये, त्याचा अर्थ वेगळाच आहे: अर्धवेळ कर्मचाऱ्याने स्वतःच्या ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त, पण पूर्णवेळ माणसाच्या तासांपर्यंत केलेलं काम. जादा दर कशाला लागू होतो हे या फरकावरच ठरतं. म्हणून करार कोणत्या टारीफफेरट्रागकडे किंवा बेट्रीब्सफेरआइनबारुंगकडे बोट दाखवतो ते आधी शोधा, ते कागद मागवा आणि व्याख्या तिथून घ्या. पहिल्यासाठी 'कलेक्टिव्ह अग्रीमेंट' आणि दुसऱ्यासाठी 'वर्क्स अग्रीमेंट' रुळलेले आहेत. दुसरा कामगार मंडळ आणि मालक यांच्यात होतो, त्यामुळे 'कंपनी पॉलिसी' म्हणून तो सौम्य करू नका.

वाचक अमेरिकन असेल तर 'ओव्हरटाइम' शब्द जपून वापरा. त्यांच्या मनात आठवड्याला 40 तासांनंतर दीडपट पगार बसलेला असतो. जर्मनीत साध्या जादा तासांसाठी कायद्याने असा वाढीव दर ठरवलेला नाही. तो करारातून येतो. 'ओव्हरटाइम' लिहायचाच असेल तर 'करारातल्या तासांपेक्षा जास्त' अशी व्याख्या एकदा जोडा. 'फ्रायत्साइटआउसग्लाइश', म्हणजे जादा तासांच्या बदल्यात मोकळा वेळ, ब्रिटिश वाचकासाठी 'टाइम ऑफ इन ल्यू' होतो. अमेरिकन वाचकासाठी 'कॉम्प टाइम' टाळा, कारण तिथे त्याला स्वतंत्र कायदेशीर अर्थ आहे. 'पेड टाइम ऑफ' आणि पुढे कशाच्या बदल्यात ते, असं साधं लिहा.

'आबगेगोल्टन' या शब्दापाशी हात आखडता घ्या. 'सगळे जादा तास पगारात आबगेगोल्टन' म्हणजे त्यांचा मोबदला पगारातच आला. असं सरसकट, आकडा न देता लिहिलेलं कलम अस्पष्ट म्हणून जर्मन न्यायालयांत टिकत नाही. महिन्याला अमुक तासांपर्यंत असं स्पष्ट असेल तर गोष्ट वेगळी. तरीही मूळ मजकुरात नसलेली मर्यादा तुम्ही घालायची नाही आणि 'एनी अँड ऑल' असं म्हणून तो कडकही करायचा नाही. कलम जसं मोघम आहे तसंच मोघम इंग्रजीत उतरवा आणि शंका ग्राहकाला वेगळ्या पत्रात कळवा.

त्याच कलमात 'आंगेऑर्डनेट उंड गेनेमिग्ट' असं येतं: आदेश दिलेले आणि मंजूर झालेले तास. 'उंड' आहे की 'ओडर', ते दोनदा बघा. 'आणि'चा 'किंवा' झाला तर पैसे मिळण्याची अट अर्धी होते. जर्मन नागरी संहितेत गेनेमिगुंग म्हणजे नंतर दिलेली संमती. म्हणून 'अप्रूव्ह्ड' पुरेसं आहे. 'प्रायर' हा शब्द 'फोरहेरिग' दिसला तरच लिहा.

'बेराइटशाफ्ट्सडीन्स्ट' आणि 'रूफबेराइटशाफ्ट' या दोघांनाही शब्दकोश 'ऑन-कॉल' म्हणतो, आणि परिचारिका, डॉक्टर, आयटीतले लोक नेमके इथेच फसतात. पहिल्यात माणसाला मालकाने सांगितलेल्या जागी, बहुतेकदा रुग्णालयातच, थांबावं लागतं. झोपला तरी ती सगळी वेळ कामवेळ धरली जाते. युरोपीय न्यायालयाच्या 2000 आणि 2003 च्या निकालांनंतर जर्मन कायदाही 2004 पासून तसा बदलला. दुसऱ्यात माणूस कुठेही असला तरी चालतो, फक्त फोन उचलून ठरलेल्या वेळेत पोचला पाहिजे. कामवेळ मोजायची ती प्रत्यक्ष काम केलेलीच. पहिल्याला 'ऑन-कॉल ड्यूटी ॲट द वर्कप्लेस' आणि दुसऱ्याला 'स्टँडबाय ड्यूटी अवे फ्रॉम द वर्कप्लेस' असं लांब लिहिणंच बरं. मात्र कामवेळ धरली जाते म्हणजे पूर्ण दराने पैसे मिळतात असं नाही. पहिल्या प्रकाराचा दर कमी ठरवता येतो, फक्त किमान वेतनाच्या खाली नाही. त्यामुळे 'पेड ॲज वर्किंग टाइम' हे शब्द आपल्या मनाने जोडू नका.

'आर्बाइट आउफ आबरूफ' दिसलं की 'झिरो-अवर्स', म्हणजे तासांची हमीच नसलेला करार, असं लिहायचा मोह होतो, आणि ते साफ चूक आहे. बोलावण्यानुसार कामाच्या या करारात आठवड्याचे तास ठरवलेले नसतील, तर 2019 पासून कायदा ते 20 धरतो, आणि बोलावणं किमान 4 दिवस आधी यावं लागतं. 'वर्क ऑन कॉल-अप' किंवा 'ऑन-डिमांड वर्क' चालेल.

लहान शब्दही तपासा. 'ग्रुंडझेट्सलिश' म्हणजे कायद्याच्या भाषेत 'सर्वसाधारणपणे, अपवाद सोडून'; 'स्ट्रिक्टली' लिहिलं तर अपवादच नाहीसा होतो. 'झोल' आणि 'मुस' दोन्हींना 'शॅल' लावू नका. पहिल्याला 'शुड', दुसऱ्याला 'मस्ट'. 'लाइटेंडे आंगेश्टेल्टे' या वरिष्ठांना कामवेळ कायदा लागूच नाही. त्यांना नुसतं 'मॅनेजर्स' म्हटलं तर साध्या संघप्रमुखालाही संरक्षण गेल्यासारखं वाटेल. 'एक्झिक्युटिव्ह एम्प्लॉइज' लिहून पहिल्यांदा कायद्यातली व्याख्या सांगा. ग्लाइटत्साइट म्हणजे 'फ्लेक्सिटाइम', केर्नआर्बाइट्सत्साइट म्हणजे 'कोअर अवर्स'. यांत फार अडचण नाही.

मजकूर पूर्ण झाला की जर्मन बाजूला ठेवा आणि फक्त इंग्रजी समोर घेऊन एक काल्पनिक आठवडा मांडा: पाच दिवस काम, एक रात्र रुग्णालयात थांबणं, एक शनिवार, तीन जादा तास. कामाचे तास किती, पैसे कशाचे, बदली सुट्टी किती, पुढच्या पाळीला लवकरात लवकर कधी यायचं, ते लिहा. मग तोच हिशेब जर्मन मजकुरावरून करा. जिथे आकडा वेगळा येईल, तिथल्या शब्दाकडे परत जा.