मे महिन्याचा दिवस दोघांनी असा वाटून घ्यावा

गोव्यात मे महिन्यात दोघांनी मिळून दिवस आखायचा तर घड्याळापेक्षा ऊन बघा. उन्हाची कामं सकाळीच मांडायची, म्हणजे दिवसभर ती आपली आपण होतात.

सध्याचं मोठं काम भिरंडांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. एकाने फळं चिरून बिया आणि गर वेगळा काढावा, दुसऱ्याने सालं उन्हात पसरावीत. बियांच्या गरात मीठ घालून ठेवलं की रस सुटतो. वाळलेली सालं त्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं काही दिवस चालू ठेवायचं. ही सोलं, म्हणजे आमसुलं, काळपट, लवचीक झाली की बरणीत. इथे घाई केलीत तर पावसात बुरशी आलीच म्हणून समजा. लालजांभळ्या हातांची काळजी नको, पण पांढरे कपडे मात्र घालू नका!

शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार गाठा. सुकी मासळी, मिरच्या, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं सामान एकाच फेरीत होतं. दुपारी झोप, त्यावर चर्चा नको.

संध्याकाळी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, नाहीतर किनारा साफ करायला हात लावा. ओहोटीची वेळ बघून निघा, जाड हातमोजे घाला. फुटलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, पोतं फाटून उचलणाऱ्याचा पाय कापतो. त्यासाठी जुनी बादली न्या. मोरजी, आगोंदला कासवांच्या अंड्यांभोवती कुंपण दिसलं तर लांबूनच वळसा घ्या.