‘हलू नका’ म्हणून भागत नाही

रेडिओथेरपीत (किरणोपचारात) नव्याने आलेल्या तंत्रज्ञांना पेशंटचं डोकं हलू नये म्हणून लावायचा मास्क बनवायची फार घाई असते. मी आधी मान टेकवायला शिकवते. हेडरेस्ट आणि मान यांच्यात बोटभर पोकळी राहिली, तर पेशंट सुरुवातीला मान तोलून धरतो, मग ती हळूहळू खाली बसते आणि हनुवटीचा कोन बदलतो. वरून मास्क कितीही घट्ट असला तरी आत डोकं सरकतंच. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये आपण चुकीला साधारण 3 ते 5 मिलिमीटरची जागा (मार्जिन) ठेवून काम करतो, त्यामुळे एवढंसं सरकणंही महागात पडतं. म्हणून सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराआधी स्कॅन काढून पोझिशन ठरवायच्या, दिवशी वेळ घालवायचा तो इथे. गुडघ्यांखाली आधार द्या, खांदे सैल सोडायला लावा आणि विचारा, “असं वीस मिनिटं पडून राहता येईल?” ‘हो’ म्हणायच्या आधी जो क्षणभर थांबतो, त्याचं कुठेतरी दुखतंय असं समजा.

मग मास्क. कवळी, कानातलं काढा, अंबाडा सोडा. गरम पाण्यात मऊ झालेली मास्कची प्लास्टिक शीट टिपून घ्या, आपल्या हाताला लावून बघा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम ओढा. कपाळ, नाकाचं हाड आणि हनुवटी इथे बोटांनी नीट बसवा. गार होताना शीट आकसते, तेव्हा उचलायची घाई नको.

भीतीचं काय? खोलीत पेशंट एकटा असेल, पण कॅमेऱ्यावर आपण त्याला बघत असू, हात वर केला की किरणांचा बीम थांबवू, हे मास्क चढवण्याआधी सांगा. चढवल्यावर त्याच्या कानात काही शिरत नाही. फारच घाबरणाऱ्यांसाठी चेहरा उघडा राहणारे मास्कही असतात. अगदी लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते.

पोटाखालच्या भागात बाहेरून जखडून अर्धंच काम होतं. मूत्राशय किती भरलंय त्यावर आतले अवयव सरकतात, म्हणून पाणी कधी, किती प्यायचं हे रोज ठरलेलं हवं.

सहा-सात आठवड्यांच्या कोर्समध्ये वजन उतरतं, मास्क ढिला होतो. उलट स्टेरॉइडने चेहरा सुजला की तोच मास्क रुततो. अशा वेळी कापूस कोंबणं किंवा परस्पर कात्री चालवणं नको. फिजिसिस्ट (किरणांच्या डोसचं गणित बघणारे) आणि डॉक्टरांना बोलवा.

हेडरेस्ट कुठला, बेसप्लेट (मास्क अडकवायची पाटी) काउचच्या, म्हणजे उपचाराच्या टेबलाच्या, कुठल्या खाचेत, गुडघ्यांखाली काय ठेवलंय, हे सगळं सेटअप शीटवर लिहा, फोटोही जोडा. उद्याच्या शिफ्टला दुसरंच कुणीतरी असेल.