'कार्टेशियन' चार्टवरून आलेला नाही: या चुका टाळा

निर्देशक भूमिती शिकवताना मी फळ्यावर 'कार्टेशियन प्रतल' लिहिलं, की कुणीतरी हमखास सांगतं, "सर, चार्टवरून आलं असणार. आलेख काढतो ना आपण!" तर्क चांगला आहे, म्हणूनच ही चूक मुलांच्या डोक्यातून लवकर जात नाही.

हा शब्द आला एका माणसाच्या नावावरून: रने देकार्त, फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती, 1596 ते 1650. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, आणि तो खरा मोलाचा आहे: मग नावातला 'दे' गेला कुठे? त्या काळी युरोपातल्या विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि नावंही लॅटिन वळणाची करून घेतली जात. देकार्तमधला 'दे' हा फ्रेंचमध्ये मुळात सुटा शब्द, साधारण आपल्या 'च्या'सारखा. लॅटिन रूप करताना तो गळाला आणि 'कार्टेसियस' झालं. विशेषण या लॅटिन नावापासून बनलं. म्हणून फ्रेंच नावात 'कार्टेशियन' शोधत बसलात तर अर्धाच सापडेल.

इंग्रजी स्पेलिंग बघून 'डेस्कार्टेस' लिहू नका. दोन्ही 'स' अनुच्चारित आहेत. इंग्रजीत हे विशेषण लिहिताना पहिलं अक्षर मोठंच हवं.

अर्थ अडला तर विशेषणाच्या पुढचं नाम बघा. पुढे 'द्वैत' असेल तर विषय मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं मानण्याचा. फ्रेंच लोक एखाद्या माणसाला 'कार्तेझियँ' म्हणतात, तेव्हा तो तर्काला धरून चालणारा असतो. पुढे 'गुणाकार' असेल तर विषय क्रमित जोड्यांचा, म्हणजे दोन संचांतला एकेक घटक ठरावीक क्रमाने घेऊन केलेल्या जोड्यांचा. हा गुणाकार मात्र देकार्तने शोधला असं समजू नका, संच सिद्धांत 19व्या शतकातला आहे. जोड्या निर्देशकांसारख्या दिसतात, म्हणून नाव चिकटलं. आज आपण काढतो तसे काटकोनातले दोन अक्षही देकार्तच्या 1637च्या 'भूमिती' या ग्रंथात तयार मिळत नाहीत, आणि त्याच सुमारास फर्मा हा दुसरा फ्रेंच गणितीही स्वतंत्रपणे निर्देशक भूमितीच्याच वाटेने चालला होता.

फ्रान्समधल्या देकार्तच्या जन्मगावाचं, 'ला ए'चं, नाव 1967पासून 'देकार्त' आहे. तिथे 'दे' शाबूत आहे.