मृगाआधी गोठ्यामागचा गाळणखड्डा

गाळणखड्डा म्हणजे आंगणातून वाहणारं घाण पाणी माती आणि झाडांच्या मुळांतून गाळणारा खड्डा. मे सरायच्या आत त्याचं खोदकाम उरकून टाका. ७-८ जूनला मृग लागतो, आणि एकदा का पाऊस पडला की आपल्या काळ्या मातीत टिकास चालत नाही, नुसता चिखल.

आधी आंगणात उभं राहून मागच्या पावसाळ्याचा ओघळ शोधा. गोठ्यातलं शेणमूत, ट्रॅक्टरखालचं ऑइल, धुऱ्यावरून येणारा युरिया, सगळं पहिल्या सरींत तिथूनच उतरतं. खड्डा त्याच्या तोंडावर, पण घराच्या भिंतीपासून १० फूट सोडून आणि विहिरीपासून होईल तेवढा लांब, उताराकडे. गाळ आणि ऑइल माती धरून ठेवते. शेणमूत आणि युरियापासून होणारं नायट्रेट मात्र पाण्यासोबत खाली जातं, त्याचा भरवसा धरू नका.

टिनाचं छत आणि आंगण मिळून १,००० चौरस फूट असेल तर ५० ते १०० चौरस फूट खड्डा पुरे, ३ फूट खोल.

खरी गोम भरावात आहे. मी पहिल्या वर्षी खोदलेलीच काळी माती परत लोटली. ती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी जिरायला वाटच नाही. चार दिवस डबकं, त्यात डास, वर घरच्यांची बोलणी. म्हणून आता तळाला अर्धा फूट गिट्टी, तिच्यात भोकं पाडलेला पाइप उताराकडे काढलेला, गिट्टीवर बजरीचा पातळ थर. त्यावर दोन फूट मिश्रण: ६ टोपले वाळू, ३ टोपले नाल्याकाठची पोयट्याची माती, १ टोपलं मुरलेलं शेणखत. खताला हात सैल सोडू नका, जास्त झालं तर तेच धुऊन खाली उतरतं. वरचा अर्धा फूट रिकामा, आणि जादा पाण्याला दगड लावलेला सांडवा.

वाळ्याचे ठोंब आणि कर्दळीचे कंद आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवा, लावायचे मात्र पाऊस धरल्यावर. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, माती मोकळी ठेवतात. बेशरम फुकट मिळते म्हणून लावाल तर जन्मभर उपटत बसाल. बकऱ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण आधीच करा.

फवारणीचा पंप इथं धुवायचा नाही, हे गड्यालाही सांगा. मुळांशी जे जिवाणू घाण कुजवतात तेच विषानं मरतात.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. पाणी दिसलं, तर तोंडाशी साचलेला गाळ फावड्यानं खरवडा. तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका.