सामायिक अहवाल कॅश करताना एकाचा डेटा दुसऱ्याला दिसू नये म्हणून

कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेस तपासतो, कॅश (पटकन देता यावी म्हणून ठेवलेली तयार उत्तराची प्रत) तपासत नाही. समजा, कॅशची की, म्हणजे प्रत ज्या नावाने ठेवतात आणि शोधतात ते नाव, फक्त 'विक्री:जून' एवढीच आहे. नागपूर शाखेने ९ वाजता अहवाल उघडला, तर ९ वाजून ५ मिनिटांनी कोल्हापूर शाखेला नागपूरचेच आकडे दिसतील. एररही येणार नाही. पुढच्या पायऱ्या पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि रेडिस (कॅश) वापरणाऱ्यांसाठी आहेत.

१. पगार, आधार क्रमांक, आजारपणाची माहिती असलेले अहवाल कॅश करूच नका. वेळेच्या बचतीपेक्षा धोका फार मोठा आहे.

२. बाकीच्यांची की पूर्ण ठेवा: 'विक्री:शाखा-१२:व्यवस्थापक:जून:अधिकार-७'. शाखा क्रमांक सर्व्हरवरच्या सेशनमधून (लॉगिनच्या नोंदीतून) घ्या. यूआरएलमधून घेतला तर कोणीही १२ च्या जागी १३ टाकून बघेल. शेवटचा आकडा परवानग्यांची आवृत्ती आहे. कोणाची बदली झाली, भूमिका बदलली की तो १ ने वाढवा. जुनी प्रत मग कोणाच्याच हाती लागत नाही. कॅशमधल्या प्रतीची मुदत ६०० सेकंद पुरेशी.

३. सर्वाधिक फसगत मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये, म्हणजे डेटाबेसने साठवून ठेवलेल्या क्वेरीच्या निकालात, होते. पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून ओळनिहाय सुरक्षा आहे, पण तिचे नियम टेबलांना लागतात, मटेरियलाइज्ड व्ह्यूला लावताच येत नाहीत. तो मालकाच्या अधिकाराने भरला जातो आणि टेबलाच्या मालकाला ते नियम एरवी लागू नसतात, म्हणून सगळ्या शाखा आत येतात. वापरकर्त्यांकडून त्याचा थेट सिलेक्ट (वाचण्याचा) अधिकार काढून घ्या. वर शाखेची अट असलेला साधा व्ह्यू ठेवा, सिक्युरिटी बॅरियर (व्ह्यूची अट आधी लावणारा पर्याय) चालू करून. शाखा सेशन-व्हेरिएबलमधून येत असेल तर ते ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल'ने भरा. नुसत्या 'सेट'ने भरलेले मूल्य पूलमधल्या (अनेकजण आळीपाळीने वापरतात त्या) कनेक्शनवर राहू शकते आणि पुढच्या माणसाला मिळते.

४. रेडिसचे ६३७९ पोर्ट इंटरनेटवर उघडे नको. आवृत्ती ६ पासून प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे अधिकार ठरवता येतात आणि टीएलएसही (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) आहे, दोन्ही वापरा. रेडिसची डंप फाइल (डिस्कवर लिहिलेली डेटाची प्रत) एन्क्रिप्ट केलेली नसते, त्यामुळे डिस्क आणि बॅकअप एन्क्रिप्ट करा.

५. सर्व्हरच्या उत्तरासोबत 'कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर' हा हेडर पाठवा. त्याऐवजी 'प्रायव्हेट' पाठवले तर मधला प्रॉक्सी सर्व्हर प्रत ठेवत नाही, पण ब्राउझर प्रत ठेवू शकतो, आणि काउंटरवरचा संगणक तिघेजण वापरतात.

६. दोन शाखांच्या खात्यांनी तोच अहवाल लागोपाठ उघडा, मग क्रम उलटा करा. शेवटी एकाची परवानगी काढून रिफ्रेश करा. जुने आकडे अजून दिसले, तर अधिकार-७ चा ८ झालेला नाही.