मागच्या कामाच्या दिव्यांसाठी रिले
लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्यांच्या उजेडात मागचा रोटाव्हेटर दिसत नाही, आणि जादा दिवे थेट मूळ स्विचवर जोडले तर त्यावर भार येऊन तो तापतो. त्यावर रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हा स्वस्त उपाय आहे.

१. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी.

२. १८ वॅटचे दोन एलईडी दिवे १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतात, त्यासाठी १.५ चौरस मिमीची तार आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवावा, कारण तार घासून उघडी पडली तर फ्यूजच्या पुढचाच भाग सुरक्षित राहतो.

३. फ्यूजकडून येणारी तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, दिव्यांची ८७ला, स्वतंत्र स्विचची ८६ला जोडावी आणि ८५ ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्याला द्यावे. सांगाड्यावरचा रंग तिथे खरवडून काढावा. दिवा लुकलुकण्यामागे बहुधा जोड नीट होऊ न देणारा हाच रंग असतो.

४. तारा गरम सायलेन्सरपासून लांबून न्याव्यात.

रस्त्यावर मात्र मागचे पांढरे दिवे बंदच ठेवावेत, कारण मागून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात.